देवीला सांगितलेली घडी

या जगात माणसाला जितक्या गोष्टींची भीती वाटू शकते, तितक्या सगळ्यांची भीती आमच्या सरांना वाटून झालेली आहे. आणि एखादी चुकून राहिली असेल तर ती राहिली कशी, याचीही त्यांना भीती वाटते. सर म्हणजे अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या शेडचे मालक. त्यांनी शाळेत कधी कोणाला शिकवलेलं नाही. पण मी वणीहून आलेली, घरातली पहिली पदवीधर. मोठ्या माणसाला 'सर' सोडून दुसरं काय म्हणायचं हे मला ठाऊक नव्हतं. मुलाखतीच्या दिवशी तोंडातून निघालं ते कायमचं झालं. सर स्वतः मला, वॉचमनला आणि गेटवर बसणाऱ्या कुत्र्यालाही 'अहो' म्हणतात. कुत्र्याला अहो कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, "उगाच कशाला कोणाला दुखवा? त्यांना दात असतात."

लिफ्टमध्ये ते एकटे चढत नाहीत, आणि गर्दी असली तरी चढत नाहीत. मुंबईला जायचं झालं तर इगतपुरीला थांबून चहा घेतात आणि घाट उतरण्याचं धैर्य गोळा करतात. दोनदा ते गोळा झालं नाही म्हणून तिथूनच परत आले. ई-मेल लिहून झाला की आधी मला वाचायला लावतात, मग घरी बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, फोनवर वाचून दाखवतात, आणि पाठवण्याचं बटण मात्र माझ्याच बोटाने दाबून घेतात. एकदा 'माल मिळाला, धन्यवाद' एवढाच मजकूर होता. सर त्या एका ओळीपुढे जेवणाच्या सुट्टीपर्यंत बसले. "ताई, हे 'धन्यवाद' टोमणा मारल्यासारखं तर नाही ना हो वाटत?" मी नाही म्हटलं. त्यांनी तरीही ते खोडलं, आणि मग नुसतं 'माल मिळाला' हे उर्मट वाटतंय म्हणून पुन्हा घातलं. काकूंचं म्हणणं असं, की लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा सरांनी एक पाऊल मागे घेतलं होतं. "मला वाटलं, पळतंय आता हे स्थळ," असं त्या आम्हा सगळ्यांसमोर सांगतात आणि सर खाली बघून पोहे खातात.

अशा माणसाने आयुष्यभर काय करावं? तर फुगे बनवावेत! जत्रेतले नव्हेत, हृदयाची रक्तवाहिनी तुंबली की डॉक्टर मनगटातून किंवा मांडीतून एक बारीक नळी आत सरकवतात, कॅथेटर म्हणतात ते, आणि तिच्या टोकाचा इवलासा फुगा आत फुगवून रक्ताची वाट मोकळी करतात, तो फुगा. शेडमध्ये नमुना फुटेपर्यंत फुगवून पाहण्याची चाचणी असते तेव्हा सर बाहेर बदामाच्या झाडाखाली कानांत बोटं घालून उभे राहतात. माल पुढच्या कारखान्यात नळीवर बसतो, आणि त्यांच्या फुग्याबद्दल आजवर एकही तक्रार आलेली नाही. मी एकदा कौतुकाने तसं म्हटलं, तर दचकून म्हणाले, "असं मोठ्याने बोलू नका हो."

या भीतीतूनच त्यांना ती कल्पना सुचली. फुगा फुगवताना सगळे जपतात, पण सरांना धास्ती असायची ती तो रिकामा करून बाहेर काढतानाची. रिकामा फुगा वेडावाकडा चपटा झाला तर येताना अडकतो. एके दिवशी काकूंनी कपाटातून जुनं रेशमी लुगडं काढलं, झटकलं, आणि ते आपोआप जुन्या घडीवर मिटलं. सर तसेच पायात चप्पल न घालता शेडवर आले. कापडाला घडीची सवय होते तर फुग्याला का होऊ नये? मग कितीतरी महिने आम्ही दोघं त्याच्या मागे होतो. फुग्याच्या भिंतीत किंचित पीळ दिलेल्या, उंचवट्यासारख्या बारीक रेघा ठेवायच्या, म्हणजे रिकामा झाला की तो त्या रेघांवर स्वतःच मिटतो, ही कल्पना सरांची. पण रेघा टोकापर्यंत गेल्या की फुग्याची मान ताठ व्हायची. त्या मानेच्या अलीकडेच विरून जाव्यात, हे माझ्याकडून निघालं. पेटंटचा अर्ज करायची वेळ आली तेव्हा 'संशोधक' या शब्दापुढे सरांनी दोन नावं लिहायला सांगितली. दुसरं माझं होतं. मी म्हटलं, "सर, मी फक्त शेवट सुचवला." ते म्हणाले, "अहो, शेवटालाच तर माणूस घाबरतो."

माझे वडील देवीच्या गडाच्या वाटेवर नारळ, ओटी आणि बांगड्यांचं दुकान लावतात. अर्ज गेल्यावर त्यांनी ही बातमी येणाऱ्या भाविकांना प्रसादासारखी वाटली. दर रविवारी फोन यायचा, "काय गं, तुझ्या फुग्याचं झालं का नाय? हितं समदे विचारत्यात." त्या दोन नावांवर माझं किती काय टांगलेलं होतं हे मी सरांना कधी बोलले नाही. सरांचं तर सगळंच टांगलेलं होतं. एका मोठ्या कंपनीने आमच्याच शेडकडून हा फुगा घ्यायची तयारी दाखवली होती, पण पेटंट मिळालं तरच. नाहीतर हाच फुगा काढायला त्यांच्याकडे त्यांच्या स्वतःच्या मशीन होत्या.

पुण्याच्या वकीलबाईंनी बजावलं होतं, की अर्ज दाखल होईपर्यंत कोणाला दाखवायचं नाही, सांगायचं नाही. आधी जाहीर झालेल्या गोष्टीवर हक्क मिळत नाही. हे सरांना सांगायला नको होतं. ते फोनवर फुग्याला 'लिंबू' म्हणू लागले. नमुना टॉवेलखाली, टॉवेल कपाटात, कपाटाची चावी काकूंच्या देवघरात. कागद तयार झाले तेव्हा पितृपक्ष लागला होता, आणि पितृपक्षात सर साधा पंखा विकत घेत नाहीत. म्हणून दसऱ्याचा मुहूर्त धरला. दसऱ्याला सकाळी अर्ज गेला आणि आम्ही निर्धास्त झालो. म्हणजे मी झाले.

दीडेक वर्षाने परीक्षकांचा अहवाल आला. सरांनी तो उभ्याने वाचला. परदेशातले दोन जुने फुगे दाखवून परीक्षकांनी विचारलं होतं, यात तुमचं नवीन ते काय? वकीलबाईंना त्याचं उत्तर देता येणार होतं. त्या जुन्या फुग्यांच्या रेघा सरळ होत्या, आमच्या रेघांना पीळ होता. फोन ठेवता ठेवता वकीलबाईंनी रीत म्हणून विचारलं, "अर्जाच्या आधी कुठे प्रदर्शन, भाषण, व्हिडिओ वगैरे काही नाही ना?"

"छे छे, नाही," सर म्हणाले. फोन ठेवला. मग त्यांचा चेहरा हळूहळू खडूसारखा पांढरा होत गेला. माझ्याकडे वळून अगदी हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, "ताई, त्यात खंडेनवमी धरतात का हो?"

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, अंबडमधल्या प्रत्येक शेडमध्ये हत्यारांची पूजा असते. मशीनला झेंडूची माळ, पान्यांना हळदकुंकू, आणि शेजारपाजारच्या शेडवाल्यांना पेढे. सरांचा दंडक असा, की त्या दिवशी देवीच्या तसबिरीसमोर उभं राहून वर्षभराचं सगळं काम मोठ्याने सांगायचं, काही लपवायचं नाही. मी त्या दिवशी नसते. नवरात्रात वडिलांच्या दुकानावर उभं राहावं लागतं. त्या वर्षी सरांपुढे दोन भीती होत्या: सांगितलं तर चोरी होईल ही, आणि लपवलं तर देवी कोपेल ही. त्यात देवीची मोठी ठरली. त्यांनी टॉवेल काढला, फुगा ताटात ठेवला, फुगवला, मिटवला, आणि घडीचं सगळं रहस्य आईला समजावून सांगितलं. मागे हात जोडून अर्धी गल्ली उभी होती.

"माणसांना नाही हो सांगितलं," सर पुन्हा पुन्हा म्हणत होते. "माणसं नुसती मागे होती."

वकीलबाईंनी हे फोनवर दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, की परीक्षकांनी हे विचारलेलं नाही, विचारलं तर खोटं बोलायचं नाही. पण त्या गर्दीतल्या कोणीही उठून पेटंट ऑफिसला कळवलं तर अवघड आहे. त्या गर्दीत शेजारचे शेठही होते. ते प्लॅस्टिकच्या नळ्या काढतात आणि कॅथेटरमधलं त्यांना चांगलं कळतं. तेव्हापासून सरांनी शेठना असा काही नमस्कार सुरू केला की बघवेना. शेठची गाडी दिसली की हे गेटपर्यंत जायचे. पहिली द्राक्षं शेठकडे, शेठच्या नातवाच्या बारशाला चांदीचा वाळा. शेवटी शेठच वैतागले. "काय राव, मी काय मरायला टेकलोय का? डॉक्टरनं तुम्हाला काही सांगितलंय माझ्याबद्दल?"

हे सगळं आज लिहिताना हसू येतं, तेव्हा येत नव्हतं. दारात पोस्टमन आला की मीही हातातलं काम टाकून त्याच्या पिशवीकडे बघत राहायचे. रविवारी वडिलांचा फोन मी उचलेनाशी झाले.

सुनावणी कॉम्प्युटरवरच होती. सरांनी नवीन शर्ट घातला होता आणि त्याचं वरचं बटणही लावलं होतं. पडद्यावर अधिकारी मॅडम, एका चौकोनात वकीलबाई, एका चौकोनात आम्ही. वकीलबाईंनी सरांना ताकीद दिली होती, तुम्ही एक शब्द बोलायचा नाही. पिळाचा मुद्दा त्यांनी छान मांडला. मॅडम मान हलवत होत्या. हिंदीत म्हणाल्या, "ठीक आहे, मला पटतंय. आणखी काही सांगायचंय?" एवढ्यावर संपलं असतं. टेबलाखाली सरांचा गुडघा इतका हलत होता, की पाण्याचा ग्लास वाजायला लागला. मी तो धरला. आणि सर उभे राहिले; म्हणजे पडद्यावर त्यांचं नुसतं पोट दिसायला लागलं.

"मॅडम, मी आधी सांगितलंय."

"कोणाला?"

"देवीला."

मॅडमनी पेन उचललं. "तिथे आणखी कोण होतं?"

"सगळं अंबड होतं, मॅडम."

वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. मॅडम हसल्या नाहीत. त्या दिवशी नेमकं काय आणि किती सांगितलं, ते ऐकणाऱ्या एखाद्याच्या शपथपत्रासह लेखी द्या, एवढं म्हणून त्यांनी सुनावणी संपवली. सर खाली बसले. मी चिडले होते. पहिल्यांदाच. "सर, त्यांनी विचारलं नव्हतं!"

"म्हणूनच तर सांगितलं," ते म्हणाले. "विचारलं असतं तर घाबरून नाही म्हणून बसलो असतो."

शपथपत्रासाठी शेवटी शेठकडेच जावं लागलं. सर दाराबाहेर थांबले. मी आत गेले. शेठनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "म्हणजे वर्षभर ती द्राक्षं यासाठी होती होय? अहो, मला वाटलं माणूस सुधारला!" मग आठवून सांगू लागले. घडीचं सांगितलं, रेघांचं सांगितलं, पीळ कसा द्यायचा तेही सांगितलं, "आम्ही आपले पेढ्याकडं बघत उभे." मी खाली मान घालून लिहून घेत होते. आमचा पीळ गेला, हे मला कळत होतं.

"आणि मानेपाशी काय होतं, ते सांगितलं का?" मी विचारलं.

"ते नाय, आणि एवढ्याशा फुग्यात लांबून काय दिसतंय? तिथं येऊन थांबले ना तुमचे साहेब. देवीला म्हणाले, आई, पुढचं आमच्या ताईंचं आहे. त्या गडावर आल्यात, तुला भेटतीलच. त्यांचं त्या सांगतील."

मला पुढचं लिहिता येईना. शेठनी पाणी आणायला सांगितलं.

निकाल आला तेव्हा घडीची कल्पना, तो पीळ, सरांचं जे जे होतं ते सगळं हक्काबाहेर गेलं होतं. पेटंट मिळालं ते मानेच्या अलीकडे विरणाऱ्या रेघांवर. नावं दोन्ही होती. मोठ्या कंपनीला तेवढं पुरलं. त्या शेवटाशिवाय फुगा नीट चालत नाही. वणीला वडिलांनी पेढे वाटले. मी निकालाचा कागद घेऊन सरांपुढे उभी राहिले. म्हटलं, "सर, हे तुमचं होतं." ते गडबडून म्हणाले, "अहो, रडू नका. काकूंना वाटेल मी ओरडलो."

संध्याकाळी पाळी सुटल्यावर आम्ही गेटपाशी उभे होतो. सरांनी गेटची कडी दोनदा ओढून पाहिली. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे आता ती घडी कोणीही वापरू शकतं?"

"हो, सर. कोणीही."

मला वाटलं, आता त्यांना चोरीची जुनी धास्ती छळणार. पण ते रस्त्याकडे बघत राहिले. कुठल्या कुठल्या गावांतल्या, कधी न पाहिलेल्या शेडी त्यांना दिसत असाव्यात.

"नीट करतील ना हो ते?" सर म्हणाले. "भिंत फार पातळ नाही ना ठेवणार? आत माणूस असतो."

मी म्हटलं, "करतील, सर." त्यांना ते पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर बोलता बोलता मलाही पटेनासं झालं. दोघंही घाबरून तसेच उभे राहिलो, अंधार पडेपर्यंत.