बॉनेटमधला हार

बाबांनी दसऱ्यापर्यंतचंच कबूल केलं होतं. आठवड्यातून दोनदा पुलगावहून सावंगीच्या दवाखान्यात जायचं, हाताला सुया लावून तासन्‌तास मशीनजवळ पडून राहायचं आणि घरी आल्यावर घास गिळायलाही त्राण उरायचं नाही, याला ते कंटाळले होते. "दसरा होऊ दे, मंग मी नाई येत," असं त्यांनी आईला आणि मला स्वच्छ सांगितलं होतं. डायलिसिस थांबवल्यावर काय होतं, ते डॉक्टरांनी त्यांना समजावून सांगितलं होतं. जन्मभर कापडाचं दुकान चालवलेला माणूस. एकदा 'नाही' म्हटलं की ब्रह्मदेव आला तरी भाव उतरायचा नाही.

तरी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी भांडून, रडून, शेवटी स्वतःचं जेवण सोडायची धमकी देऊन त्यांना गाडीत बसवलंच. "हे शेवटचं," ते म्हणाले. मी हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं?

देवळी सोडली, एक गतिरोधक जरा जोरात गेला आणि समोर बॅटरीचा तांबडा दिवा लागला.

बाबांनी तो माझ्याआधी पाहिला. "बॅटरी गेली असंन," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात मला चक्क समाधान ऐकू आलं. "फिरव गाडी. निमित्त भेटलं."

माझं डोकं फिरलं, गाडी मात्र मी फिरवली नाही. एकदा घरी पोचले की हे पुन्हा उंबरठा ओलांडणार नाहीत, हे मला पक्कं माहीत होतं. एसी बंद केला, रेडिओ बंद केला आणि मागे बसलेल्या आईला आमच्या नेहमीच्या मिस्त्रीला फोन लावायला सांगितलं.

"गाडी गरम तं नाई होऊन राह्यली?" त्यानं विचारलं. काटा जागेवर होता. "मंग पट्टा शाबूत हाय. ताई, बॅटरी खराब झाली असं तो दिवा नाई सांगत. बॅटरी भरून नाई राह्यली, असं सांगते. गाडी सध्या साठवणीवर चालून राह्यली. साइडले घ्या आन् बॅटरी भरनाऱ्या अल्टरनेटरच्या मांगची वायर पाहा. पण इंजिन चालू असतानी हात नका घालू, पट्टा हात घेऊन जाते."

गाडी एका कपाशीच्या वावराजवळ उभी केली, इंजिन चालूच ठेवलं आणि बॉनेट उघडलं. आत झेंडू. नळ्यांवर पाकळ्या, बॅटरीवर हळदीकुंकू आणि आपट्याची दोन पानं.

मी वळून माझ्यामागे उतरून आलेल्या आईकडे पाहिलं. मागच्या दसऱ्याला तिनं गाडीच्या तोंडाला घातलेला हार बकरीनं खाल्ला होता. म्हणून या वर्षी तिनं तो बॉनेटच्या आत, हाताला लागतील त्या नळ्या-वायरींत गुंफून बांधला होता.

"आणि काढला कधी?"

"सकाळी. तू बाबासंग भांडून राह्यली होती तवा. शिळा हार ठेवत नाईत. निंघेना, मंग एक झटका देल्ला."

त्या झटक्यात काय झालं होतं ते समोर दिसत होतं. अल्टरनेटरच्या मागे बसणारं छोटं सॉकेट सुटून लोंबत होतं, आणि त्याच्या वायरीला हाराचा दोरा अजून अडकलेला होता. सकाळी ते नुसतं ढिलं झालं असणार, गतिरोधकानं काम पूर्ण केलं. आईला बोलावं असं फार वाटलं, पण जिनं इंजिनालाही देव मानलं तिला काय बोलणार?

आता खरी अडचण होती. हात घालायचा तर इंजिन बंद करायला हवं होतं. बॅटरी जुनी. हॉर्न दाबून पाहिला तर तो सर्दी झाल्यासारखा वाजला. बंद केलेली गाडी चालूच झाली नाही तर? मी किल्लीला हात लावून नुसती बसून राहिले.

"कर बंद," बाबा खाली उतरून उभे राहत म्हणाले. "चालू झाली तं सावंगी. नाई तं घरी."

मी किल्ली फिरवली. इतकी शांतता झाली की मला भीती वाटली. दोरा दातांनी तोडला, सॉकेट खटका वाजेपर्यंत आत दाबलं आणि परत येऊन किल्ली लावली. इंजिन कण्हलं, थांबलं, पुन्हा कण्हलं आणि धरलं. दिवा लागलेला दिसला आणि विझला.

मी थक्क होऊन विझलेल्या दिव्याच्या त्या काळ्या जागेकडे बघत राहिले. इतकी वर्षं गाडी चालवते, पण चालता चालताच ती आपली खर्चलेली ताकद परत भरून घेते, याचा मी कधी विचारच केला नव्हता. आणि भरणं थांबलं तेव्हाही ती कुरकुर न करता, होतं नव्हतं त्यावर आम्हाला इथवर घेऊन आली होती.

बाबांनी डावा हात गाडीवर टेकवला होता. डायलिसिससाठी त्या हाताची शीर धमनीला जोडलेली आहे, तिथे बोट ठेवलं तर रक्त मांजरासारखं घुरघुरताना लागतं.

"म्हणजे बॅटरी खराब नोहती," ते म्हणाले.

"नाही बाबा. चांगली आहे. तिला नुसतं भरत राहावं लागतं."

ते आत येऊन बसले, सीटचा पट्टा लावला. सेलू काटे मागे पडलं, वर्ध्याची घरं दिसू लागली, दवाखान्याचं फाटक आलं. आई पर्समधून फाईल काढत होती. बाबांनी दार उघडलं आणि एक पाय खाली ठेवून ते माझ्याकडे न बघताच म्हणाले, "शुक्रवारी जराक लवकर निघजो. रस्त्यात असं काही झालं तं टाइम पाह्यजे."