चौथीच्या बाईंचं डोहाळजेवण

कावीळ पाण्यातून पसरते, पाणी उकळून प्या, उघड्यावरचं खाऊ नका. नर्सिंगच्या परीक्षेत हा प्रश्न आला की आम्ही सगळ्याजणी खूश व्हायचो, इतकं उत्तर सोपं होतं. पण एवढ्या मोठ्या शाळेतल्या पोरांचं पाणी उकळायचं कुणी आणि कशावर, हे पुस्तकात कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते मला ऐंशी सालानंतरच्या एका पावसाळ्यात शोधावं लागलं, आणि खरं सांगायचं तर ते मला आजही सापडलेलं नाही.

नाहूर स्टेशनपासून चालत जाता येईल अशा एका मराठी शाळेत मी नर्स होते. सगळे मला सिस्टर म्हणत. जिन्याखाली पडदा लावून माझी खोली केलेली होती. त्यात एक खाट, एक कपाट, जांभळं औषध, कापूस, थर्मामीटर आणि ग्लुकोजचा डबा. गुडघे फुटणं, पोट दुखणं आणि पेपर अवघड असला की चक्कर येणं, एवढ्यासाठी हे सामान पुरेसं होतं. त्या वर्षी जुलैत मात्र पिवळ्या डोळ्यांची पोरं यायला लागली. आधी एका चाळीतली भावंडं आली, मग प्रत्येक वर्गातून कोणी ना कोणी. बऱ्याच जणांच्या गळ्यात काड्यांची माळ असायची. कावीळ उतरवणारा ती डोक्यावर ठेवतो. ती लांबत खाली गळ्यात आली की कावीळ उतरली, असं समजायचं. माळ गळ्यात आली की आया पोरांना शाळेत पाठवून द्यायच्या. मी डोळे बघायची तर ते हळदीसारखे. मी पोराला घरी पाठवायची, आई दुसऱ्या दिवशी परत आणून सोडायची आणि माळेकडे बोट दाखवायची.

मला मदत मिळाली नाही असं मी म्हणणार नाही. मदत आली, पण आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी. वॉर्ड ऑफिसमधून एक माणूस येऊन टाकीत टाकायच्या गोळ्या देऊन गेला. त्या टाकल्यावर पाण्याला असा वास यायला लागला की पोरं नळाचं सोडून गेटबाहेरचा बर्फाचा गोळा खायला लागली. मुख्याध्यापिका बाईंनी गोळ्या बंद करायला सांगितल्या. मग शाळेच्या समितीने ‘पाणी उकळून प्या’ असं लिहिलेले मोठे तक्ते पाठवले, आणि त्याच समितीने निरोप दिला की पालकांत घबराट नको, तक्ते दर्शनी भागात लावू नका. म्हणून ते माझ्या खोलीत लागले. तिथे कोण यायचं, तर ज्याला कावीळ झालेलीच आहे तो. शेवटी एक पंपाचा स्टो आणि एक पातेलं आलं. घासलेट मात्र रॅशनचं, आणि शाळेच्या नावाचं रॅशनकार्ड कुणाकडे असणार? मी माझ्या घरच्या घासलेटातून बाटली भरून नेत होते. त्यात जेमतेम बालवाडीचं पाणी व्हायचं.

डोक्याचं भजं झालं होतं. सकाळी एक सूचना यायची, दुपारी तिच्या उलट. अशात मी एका शनिवारी घाटकोपरच्या सरकारी दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरांना विचारलं की शाळेने नेमकं काय करावं. त्यांच्यासमोर रांग लागलेली होती. त्यांनी मान वर न करता विचारलं, "शाळेत कोणी गरोदर बाई आहे का?"

"आहे."

"तिला सांभाळा. पोरं बहुतेक बरी होतात. ही कावीळ गरोदर बाईला झाली तर जीवावर बेतते, शेवटच्या महिन्यांत तर जास्तच."

"सांभाळू म्हणजे काय करू?"

"सिस्टर, तुम्हीच नर्स ना?" ते म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पेशंटला बोलावलं.

ती गरोदर बाई म्हणजे आमच्या चौथीच्या बाई. वय पंचविशीच्या आत, मालवणकडची, लग्न होऊन भांडुपला आलेली. नवरा साकीनाक्याला लेथवर काम करायचा. सासू नव्हती, नणंद होती. गावी वडील अंथरुणाला खिळलेले, त्यामुळे आईला मुंबईला येता येत नव्हतं. सहावा महिना संपत आला होता. तिला माझ्या खोलीत यायला आवडायचं. खाटेवर पाय वर घेऊन बसायची आणि मधल्या सुट्टीभर बडबडायची. मला मूलबाळ नव्हतं. नवरा लवकर गेला, तेव्हापासून मी आणि माझं काम एवढंच होतं. ती यायची त्या वेळेची मी वाट बघायची, हे मी तिला कधी कळू दिलं नाही.

मी मुख्याध्यापिका बाईंना सांगितलं की हिला आत्ताच रजा द्या. त्या वाईट नव्हत्या. त्यांनी नियम काढून दाखवला. बाळंतपणाची रजा आत्ता सुरू केली तर मूल तान्हं असतानाच तिला कामावर हजर व्हावं लागलं असतं. तीच म्हणाली, "नको सिस्टर, मला बाळाबरोबर दिवस हवेत." मग मी रोज घरून उकळलेल्या पाण्याची बाटली तिच्यासाठी आणायला लागले. ती नाक मुरडायची. "याला घासलेटचा वास येतो. बर्फ घातलेलं काहीतरी गार प्यावंसं वाटतं मला." मी ओरडायची आणि ती हसत ते पाणी प्यायची. तिची तहान माझ्या हातात होती, तोवर मला भीती नव्हती.

श्रावणात तिला सातवा लागला. आई येऊ शकत नाही, सासू नाही, म्हणून आमच्या शाळेतल्या बायकांनी ठरवलं की डोहाळजेवण आपणच करायचं. शनिवारी अर्धी शाळा सुटली की स्टाफरूममध्ये. नणंदेला बोलावलं. सगळ्यांनी वर्गणी काढली, हिरवी साडी घेतली, फुलांचे दागिने केले. माहेर दूर असलेल्या पोरीसाठी इतक्या जणींनी इतकं करावं याचं मला खरंच कौतुक वाटलं. मी वर्गणी दिली. ओटी भरायला मला बोलावलं नाही आणि बोलावणारही नाहीत हे मला ठाऊक होतं. विधवेने ओटी भरायची नसते. "सिस्टर, तुम्ही जेवायला या हं नंतर," एक बाई मऊ आवाजात म्हणाली. मी म्हटलं येते.

मी माझ्या खोलीत बसून राहिले. वरून गाणी ऐकू येत होती. तेवढ्यात शाळेचा शिपाई गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी खांद्यावर घेऊन माझ्या पडद्यापुढून जिना चढला. मी विचारलं, हे कशाला? तो म्हणाला, "बाईंचे डोहाळे, सिस्टर. कोकम सरबत. मोठा टोप भरून केलंय."

"पाणी कुठलं?"

"उकळलेलं असेल की."

मी शाळेच्या मावशींना गाठलं. त्या म्हणाल्या, "उकळायला ठेवलं होतं, पण घासलेट संपलं. मग काय केलं ते मला नाही ठाऊक, मी झाडायला गेले." आणि बर्फ? बर्फ कारखान्याचा. तो कशाच्या पाण्याचा हे देवाला ठाऊक.

मी जिना चढले. स्टाफरूमच्या दारात थांबले. ती पाटावर बसली होती, हिरव्या साडीत, कपाळावर फुलांची बिंदी, आणि हातात तांबड्या सरबताचा पेला. ती बाळासारखी खूश दिसत होती. आता इकडे आड, तिकडे विहीर. दारातूनच सांगावं तर गाण्यांच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नसतं. आत जावं तर माझ्यासारखीने ऐन ओटीच्या वेळी पाटाजवळ जायचं. आणि पाणी उकळलेलं असलं तर? तर मी कोण ठरणार होते? ज्या सुखातून मला बाहेर ठेवलं, ते सुख मोडणारी. माझं मलाही कळेना की माझे पाय नेमके कशासाठी उचललेत. तिने पेला तोंडाशी नेला आणि मी आत गेले. मी तिच्या हातातून पेला घेतला. थोडं सरबत तिच्या मांडीवर, नव्या साडीवर सांडलं.

गाणं थांबलं. "हे पाणी उकळलेलं नाही," मी म्हणाले. माझा आवाज मलाच नको इतका मोठा आला.

"आहे, सिस्टर," कोणीतरी म्हणालं. "नाही, अर्धं आहे," दुसरी म्हणाली. पाटावरची ती मात्र साडीवरच्या डागाकडे बघत होती. तिची नणंद उठली, तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि इतर बायकांना म्हणाली, "ह्या काय बरा झाला नाय. तिका उद्याच गावाक धाडूया."

आणि खरोखरच धाडलं. मी डॉक्टरांचं सांगून रजा मागितली तेव्हा नियम आडवा आला होता. अपशकुन झाला म्हटल्यावर कुणी नियम काढला नाही. बिनपगारी रजेचा अर्ज नवरा सोमवारी देऊन गेला आणि मुख्याध्यापिका बाईंनी त्यावर लगेच सही केली. ती माझ्या खोलीत आली नाही. मी दोन-तीन दिवस पाण्याची बाटली आणत राहिले, सवयीने.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. गावाला विहिरीचं चांगलं पाणी होतं, साथ नव्हती. पण सातव्या महिन्यात एस.टी.ने घाटाघाटांतून मालवणला जायचं, तेही पावसाळ्यातल्या रस्त्याने! तिला काविळीपासून वाचवलं की प्रवासात ढकललं? मी रात्रंदिवस हेच घोळवत राहिले. पुढे ते सरबत प्यालेल्यांपैकी दोघी बायकांना कावीळ झाली. मला वाटलं, झालं, माझं खरं होतं. पण त्यातली एक ज्या चाळीत राहायची तिथे आधीपासून साथ होती, आणि दुसरी गोळेवाल्याची रोजची गिऱ्हाईक. बाकीच्या टोपभर सरबत पिऊन ठणठणीत होत्या. जे घडलंच नाही ते घडलं असतं, हे सिद्ध कसं करायचं? मुख्याध्यापिका बाई मला एकदा म्हणाल्या, "सिस्टर, तुम्ही मला आधी सांगायचं होतंत." मी आधीच सांगितलं होतं. मला फार राग आला.

दिवाळीच्या आधी पेढे आले. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. स्टाफरूममधून एक पेढा कागदात गुंडाळून मावशींनी माझ्याकडे आणला. तो तिने पाठवला की मावशींनीच उचलून आणला हे मी विचारलं नाही. पडदा ओढून घेतला आणि रडले.

ती परत हजर व्हायच्या आधी एकदा बाळाला घेऊन शाळेत आली. बाळ सगळ्यांच्या हातांतून फिरलं. मुख्याध्यापिका बाईंनी घेतलं, मावशींनी घेतलं, शिपायानेसुद्धा घेतलं. मी माझ्या दारात उभी होते. जिना उतरून ती माझ्यासमोर आली आणि थांबली. थोडी जाड झाली होती, छान दिसत होती. मी हात धुऊन, पुसून तयार ठेवले होते.

"कशी आहेस गं?" मी विचारलं.

"बरी आहे, सिस्टर." मग तिने बाळाला एका खांद्यावरून दुसऱ्या, माझ्यापासून लांबच्या खांद्यावर घेतलं. "हिला झोप आलीय. नंतर देते हं तुमच्याकडे."

मी म्हटलं, "हो हो, झोपू दे."

बाळ टक्क जागं होतं. आईच्या खांद्यावरून, गेटपर्यंत, ते माझ्याकडेच बघत गेलं.