सिझरच्या तासाला मी गैरहजर होते

पोटुशी बायका हल्ली माझ्याकडे सल्ला मागायला येतात. कॉलेजातल्या सहकारी, त्यांच्या नणंदा, एकदा तर सीताबर्डीच्या मेट्रो स्टेशनवर भेटलेली जुनी विद्यार्थिनी. "मॅडम, सिझरबद्दल काय काय माहीत पाहिजे?" मग मी गंभीर चेहरा करून सांगायला लागते. त्यांना वाटतं, बाईंचा अभ्यास दांडगा आहे. खरं म्हणजे या विषयात माझ्याइतकी ढ विद्यार्थिनी धरमपेठेतल्या त्या वर्गात दुसरी नव्हती.

तो वर्ग गरोदर बायकांचा होता. दर शनिवारी आम्ही सगळ्या चटयांवर बसायचो आणि कळ आली की श्वास कसा घ्यायचा, नवऱ्यानं पाठ कुठं चोळायची असलं शिकायचो. मी अर्थातच पहिल्या रांगेत. मी कॉलेजात मराठी शिकवते, त्यामुळे दुसरं कोणी शिकवायला लागलं की माझ्या हाताला खाज सुटते. तिथल्या बाईंनी फळ्यावर 'प्रसूती'चा सू ऱ्हस्व लिहिला, तर मी तो पुसून दीर्घ करायला लावला. बाई बिचाऱ्या हसल्या. माझ्यासारख्यांची त्यांना सवय असावी.

एका शनिवारी सिझरचा तास होता. मी मागच्या दारानं सटकले. मला सिझर होणारच नव्हतं, मग ऐकायचं कशाला? मी रोज उकिडवी बसत होते, वर्गात सांगितलेल्या मोठ्या चेंडूवर बसून झुलत होते, खजूर खात होते. घरात, शेजारी आणि स्टाफरूममध्ये मी 'नॉर्मल'ची घोषणा करून बसले होते. तो तास मी कोपऱ्यावरच्या दुकानात गरमागरम सांबारवडी खाण्यात घालवला. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर, हे बाहेरच्यांसाठी सांगितलं. वडी उत्तम होती.

मे महिन्यात एका सकाळी कळा सुरू झाल्या. अंगात ताकद हवी म्हणून मी आधी दोन थालीपिठं लोण्याबरोबर खाल्ली आणि मग विजयी मुद्रेनं दवाखान्यात गेले. दुपारपर्यंत मी शिकल्याप्रमाणे श्वास घेत होते, शेजारच्या खोलीतल्या बाईलाही दारातून सूचना देत होते. मग डॉक्टरीणबाई आल्या, पोटावर लावलेल्या यंत्राकडे बघत राहिल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"बाळाचे ठोके कमी होऊन राहिले. आता थांबायचं नाही. सिझर करू."

"पण मॅडम, मी रोज उकिडवी बसत होते," मी म्हणाले.

"चांगलं केलं. इथं सही करा."

भूल देणारे डॉक्टर आले आणि त्यांनी विचारलं, शेवटचं कधी आणि काय खाल्लं. मी खरं सांगितलं. लोण्याचा उल्लेख आला तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला, मग म्हणाले, "बरं झालं लपवलं नाही." भरल्या पोटी उलटी होऊन ती श्वासात जाण्याचा धोका असतो, म्हणून त्यांनी आधी कसलंसं इंजेक्शन दिलं. हे सगळं त्या सांबारवडीच्या शनिवारी सांगितलं होतं म्हणे.

मला वाटत होतं, सुई टोचली की झोप लागते आणि जाग येते तेव्हा कुशीत बाळ असतं. तसं काही नसतं. एवढं मोठं पोट घेऊन पाठ वाकवून बसायचं, मणक्यात सुई जाते, पाय आधी गरम होतात आणि मग आपले राहतच नाहीत. छातीपुढं हिरवा पडदा लावतात. आपण टक्क जाग्या. चष्मा काढून घेतलेला, माझा नंबर असा की चष्म्याशिवाय मला पडदासुद्धा अंदाजानंच दिसत होता. बाहेर नागपूर भाजून निघत होतं आणि मी आत दातावर दात आपटत कुडकुडत होते. मला वाटलं, मी मरायला लागले. भूलवाले डॉक्टर म्हणाले, हे असं होतं, जाईल. पण मला वेगळीच शंका आली. भूल चढलीच नसली तर?

"डॉक्टर, मला अजून सगळं कळतंय! कापू नका!" मी ओरडले.

"कापून झालं, ताई," पडद्यापलीकडून आवाज आला.

दुखत काहीच नव्हतं. फक्त कोणीतरी पोटात हात घालून, कपाटाच्या तळाशी गेलेली साडी शोधावी तसं उलथापालथ करतंय, एवढं कळत होतं. पलीकडं बेसा रोडवरच्या प्लॉटबद्दल बोलणं चाललं होतं. माझं पोट उघडं आणि यांना रजिस्ट्री सुचतेय, म्हणून मला राग आला. नंतर कळलं, डॉक्टर प्लॉटवर बोलत असले म्हणजे सगळं ठीक चाललंय असं समजावं.

मग रडणं ऐकू आलं. पडद्यावरून काहीतरी गुलाबी आणि अस्पष्ट वर आलं. "मुलगी झाली!" मी डोळे बारीक करेपर्यंत ते गुलाबी गेलंसुद्धा. बाळांचे डॉक्टर कानाशी येऊन म्हणाले, तिचा श्वास जरा जोरात चालतोय, सिझरच्या बाळांना कधीकधी होतं असं, फुप्फुसातलं पाणी निघायला वेळ लागतो, वरच्या मजल्यावर ठेवतो. त्यांनी हे अगदी सहज सांगितलं. मी मात्र हादरले. इतके महिने मी फक्त माझ्या बाळंतपणाचा विचार केला होता, बाळाचा श्वास चालेल हे गृहीतच धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सगळं खानदान वर जाऊन काचेतून तिला पाहून आलं. नाक कोणावर, हनुवटी कोणावर, याचे वाद माझ्या पलंगाभोवती रंगले. जिनं तिला पोटात वाढवलं फक्त तिनंच पाहिलं नव्हतं. नियम असा होता की आई आत जाऊ शकते, पण स्वतः नीट उठून बसता आणि चालता आलं पाहिजे. मग काय, सिस्टर येताच मी खुर्चीवरून उठावं तशी सरळ ताडकन उठले. टाक्यांनी माझा जीव घेतला, डोळ्यांपुढं अंधारी आली आणि सिस्टरनं मला पिशवीसारखं परत गादीवर ठेवलं.

"पोटात काही नाही, तर चक्कर येईलच ना ताई. पहिले खा, मग चला."

"मग द्या ना खायला!"

"गॅस पास झाल्याशिवाय डॉक्टर मॅडम देत नाहीत."

आता बऱ्याच ठिकाणी लवकर खायला देतात म्हणे. आमच्या डॉक्टरीणबाई जुन्या वळणाच्या. पोट उघडून शिवलं की आतडी काही वेळ रुसून बसतात, ती पुन्हा चालू झाल्याची खूण मिळाल्याशिवाय त्या चहासुद्धा देत नसत. हेही मला माहीत नव्हतं.

"गॅस पास म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे पादल्या काय?"

मी अंग चोरलं. "वायू सरला का, असं विचारायचंय का तुम्हाला?"

"तुमच्यात काय म्हणतात ते म्हणा, ताई. पण झाला की सांगा."

तर हिशेब असा होता: वायू सरला की चहा, चहा मिळाला की ताकद, ताकद आली की वरचा मजला. माझ्यात आणि माझ्या मुलीत एका पादाचं अंतर उरलं होतं. आणि हा शब्द मी आयुष्यात उच्चारलेला नव्हता.

त्यात सासरे आले. सासरे उमरेडकडच्या गावात शेती करतात, धोतर नेसतात, टोपी घालतात, आणि माझ्याशी थेट कधी बोलत नाहीत. मी समोर उभी असले तरी नवऱ्याला म्हणतात, "सुनबाईले जेवाले सांग." मीही त्यांच्यासमोर कधी मोठ्यानं शिंकले नव्हते. ते बाहेर व्हरांड्यात बाकावर बसले. त्यांचा आवाज शेताच्या या बांधावरून त्या बांधावर पोचणारा, तो दारातून आत येणारच.

"पादली काय गा सुनबाई?"

"बाबा, हळू बोला ना," नवरा म्हणाला.

"काहून? चोरी हाय काय?"

मला हसू फुटलं आणि टाके असे ओढले गेले की हसता हसता रडायला लागले. सिस्टरनं एक उशी आणून दिली. हसताना, खोकताना, शिंकताना ती पोटावर गच्च दाबून धरायची. ही उशी मी आता प्रत्येकीला आवर्जून सांगते, आणि विनोदी नातेवाइकांना चार दिवस लांब ठेवा, हेही सांगते.

शेजारच्या पलंगावरची बाई माझ्यानंतर ऑपरेशन होऊन आली होती. तिची आई सकाळीच कौतुकानं म्हणाली, "आमच्या पोरीचं तं झालं बा!" ती पोरगी चहात बिस्कीट बुडवून खात होती. मी वर्गात पहिल्या रांगेतली, पण इथं माझा नंबर मागेच. सिस्टरनं सांगितलं तशी मी कुशी बदलत राहिले, पायांचे पंजे हलवत राहिले. अधूनमधून व्हरांड्यातून विचारणा होत होती आणि नवरा दबक्या आवाजात "अजून नाही" म्हणत होता. मला वरच्या मजल्यावरच्या त्या जोरात चालणाऱ्या श्वासाशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. तो थांबला तर आणि मी इथंच पडून असले तर, हे मनात यायचं आणि मी पुन्हा कूस बदलायचे.

दुपारी कूलर घरघरत होता. माझी आई शेजारी स्टुलावर बसली होती. तिला कमी ऐकू येतं. आणि ते झालं. मी तिच्या कानाशी तोंड नेऊन हळूच म्हणाले, "आई, वायू सरला."

"कोण सरला?"

"अगं, वायू."

"आपल्यात सरला कोणी नाही. भेटायला आली आहे का?"

"आई, पादली ना मी!" मी ओरडले. "पादली!"

वॉर्डातल्या सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. दारात सासरे उभे होते. मला धरणीत गडप व्हावंसं वाटलं. शब्द गेला तो गेला, पण वर मी 'पादले' न म्हणता 'पादली' म्हणाले होते. 'मी गेली', 'मी आली' असं लिहिणाऱ्या पोरींचे मी वर्षानुवर्षं गुण कापत आले आहे.

सासऱ्यांनी टोपी काढली. वरच्या पंख्याकडं पाहून हात जोडले. त्यांचे डोळे भरले होते. आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा ते सरळ माझ्याशी बोलले.

"लय चांगलं झालं वं, माय. आता चहा घेजो अन् पोरीले पाहून येजो."

चहा त्यांनी स्वतः आणला. मला त्या माणसाच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं. पण पोटावर उशी होती आणि हातात कप, म्हणून नुसतीच रडले.

मग सिस्टरनं मला उठायला शिकवलं. आधी कुशीवर वळायचं, पाय पलंगाखाली सोडायचे, कोपरावर भार देऊन हळू बसायचं, चक्कर नाही ना ते पाहायचं आणि मग उभं राहायचं. लिफ्टपर्यंत चाकाच्या खुर्चीतून नेलं. वरच्या दारापासून पुढं मी भिंत धरून चालत गेले.

आत काचेच्या पेट्या ओळीनं होत्या. प्रत्येकीवर नावाची पट्टी होती. मी ती वाचली नाही, आईला पट्टी कशाला लागते? आई पाहताक्षणी ओळखते असं मी ऐकलं होतं. मी पाहताक्षणी ओळखलं. पहिल्याच पेटीत काळेभोर जावळ, अगदी माझ्या माहेरची जिवणी. मी पेटीवर दोन्ही हात ठेवले आणि आदल्या दिवसापासून मनात घोळवलेलं सगळं बोलून घेतलं. तू घाबरू नकोस, मी आले आहे, यापुढं तुला एकटीला कुठं ठेवणार नाही, असं बरंच काही, आणि स्वच्छ प्रमाण मराठीत. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

तिथली सिस्टर बोलणं संपेपर्यंत थांबली. मग म्हणाली, "ताई, हा मुलगा आहे. तुमची ती खिडकीकडची."

खिडकीकडची केस नसलेली होती, लालबुंद होती आणि रागानं मुठी वळून होती. माहेरची, सासरची कोणाचीच दिसत नव्हती. तिचा श्वास आता शांत झाला होता. सिस्टर म्हणाली, दूध पाजून पाहू, सुरुवातीला फार आलं नाही तरी घाबरू नका, लावत राहा. तिनं मला खुर्चीत बसवलं, पाठीशी उशी दिली आणि टाक्यांवर भार येऊ नये म्हणून बाळाला माझ्या काखेखालून आडवं धरायला शिकवलं. केवढीशी होती ती. मी तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि बोलायला गेले, तर माझ्याजवळ एक शब्द उरला नव्हता. सगळे पहिल्या पेटीतल्या मुलाला देऊन झाले होते.

"उशीर झाला गं मला," एवढंच म्हणता आलं.

तिनं तोंड उघडलं आणि कामाला लागली.