निगेटिव्हचं कार्ड
जुन्नरला झेरॉक्सच्या दुकानात गरम प्लॅस्टिकचा वास आला, की मला माझ्या चुलत्यांचा खोकला ऐकू येतो. कोरोनात ते खोकले, की आमचं निम्मं आणे गाव पळायचं आणि उरलेलं झाडावर चढायचं. टेस्ट निगेटिव्ह आली, तेव्हा तो रिपोर्ट मीच लॅमिनेट करून त्यांच्या गळ्यात अडकवला. म्हटलं, “आता बिनधास्त खोका, तात्या.” रेशनच्या रांगेत लोक मागं सरले, की ते कार्ड दाखवायचे, “पळू नका राव, मला काय बी न्हाई.” असे वर्षभर खोकले. रक्त पडलं, तेव्हा कुठं छातीचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, “कॅन्सर फुप्फुसभर पसरलाय. इतके दिवस काय करत होता?” तात्यांनी गळ्यातलं कार्ड पुढं केलं. ते आज माझ्या कपाटात आहे. कोपरासुद्धा दुमडलेला नाही.