आलीस, आलास आणि विनीताबाई

विनीताबाईंना चूक दिसली की त्यांचा हात आपोआप पर्सकडे जातो. पर्समध्ये लाल पेन असतं. पुण्यातल्या एका छापखान्यासाठी त्यांनी वीस वर्षं प्रुफं तपासली. मग नवऱ्याच्या नोकरीपायी परदेशात, सेंगकांगला आल्या, पण पेन काही सुटलं नाही. गणपतीचं निमंत्रण असो की कुणाच्या मुंजीची पत्रिका, बाईंच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नाही. लोक वैतागतात, पाठीमागे त्यांची नक्कल करतात, आणि पुढचा मजकूर पुन्हा त्यांच्याकडेच पाठवतात.

शनिवारी त्या ब्लॉकमधल्या मुलांना मराठी शिकवतात. "टीचर, आला, आली, आलं... व्हाय सो मेनी, लाह?" असं एकीने इथल्या धाटणीच्या इंग्रजीत रडकुंडीला येऊन विचारलं, तेव्हा बाई ऐटीत म्हणाल्या, "अगं, मराठीत क्रियापदामागे कुणाला लपता येत नाही!" हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं, की पुढे महिनाभर ते सगळ्यांना ऐकावं लागलं.

अनघा ही इथल्या विद्यापीठात संशोधन करणारी मुलगी. वाचनकट्ट्यावर ती अमेरिकेतल्या समलैंगिक माणसांच्या साहित्याबद्दल बोलणार होती, म्हणून भाषणाची बारा पानं तिने बाईंकडे तपासायला दिली. विषय वाचून बाईंच्या कपाळाला आठी पडली, हे लपवण्यात अर्थ नाही. पण वाचायला घेतलं ते घेतलंच. सत्तर वर्षांपूर्वी अमेरिकेत बस स्टँडवर स्वस्तातल्या कादंबऱ्या मिळत. दोन बायकांचं प्रेम त्यात असे, पण शेवटी एकीने मरायचं, वेडं व्हायचं, नाहीतर मुकाट्याने लग्न करायचं, असा जणू नियमच. कुणी आपली छोटी मासिकं घरी टाइप करून, कार्बन लावून, हातोहात वाटत. पुढे यांनी स्वतःची प्रकाशनं काढली, दुकानं थाटली. मग एड्सची साथ आली, मित्र पटापट गेले, आणि उरलेल्यांनी उशाशी बसून कविता लिहिल्या. आज ही पुस्तकं तिथल्या शाळांच्या लायब्ररीत आहेत, आणि ती काढून टाका म्हणणारेही आहेत. वाचता वाचता बाईंचा चहा गार झाला. ही माणसं केवढी चिवट, असं त्यांना वाटलं.

शेवटच्या पानावर अनघाने असल्याच एका टाइप केलेल्या मासिकातली, निनावी बाईची कविता मराठीत आणली होती. 'तू उशिरा आलीस, आणि मी रागवायचं विसरले.' बाईंनी 'आलीस'वर लाल रेघ मारली आणि वर ठसठशीत 'आलास' लिहिलं. समासात पुस्ती जोडली: 'लिंग तपासा.'

कागद न्यायला आलेली अनघा त्या रेघेकडे पाहतच राहिली.

"काकू, ही चूक नाहीये. लिहिणारी बाई आहे, आणि जिची वाट बघतेय तीही बाईच आहे. इंग्रजीत नुसतं 'यू' म्हटलं की भागतं. तिला लपता आलं. मराठीत नाही लपता येत."

आपलं आवडतं वाक्य असं परत आलेलं विनीताबाईंनी लगेच ओळखलं.

"आणि मला लपायचंही नाहीये," अनघा हळूच म्हणाली. "आई आलीय महिनाभर. सेम्बावांगच्या कस्तुरीला ती माझी नुसती मैत्रीण समजते. ही ओळ मला आईसमोर वाचायचीय. ते जमलं, तर बाकीचंही सांगता येईल."

बाईंना स्वतःची लाज वाटली. सगळा लेख वाचून, त्या माणसांचं मनोमन कौतुक करून, शेवटी त्यांच्याच पेनाने त्या बाईला पुन्हा दडवलं होतं! त्यांनी कागद ओढला, खोडलेल्या शब्दाखाली ठिपके दिले आणि समासात लिहिलं, 'असू दे.' प्रूफ तपासणाऱ्याने स्वतःचीच दुरुस्ती मागे घ्यायची ही खूण. ती करायची वेळ बाईंवर सहसा येत नसे.

रविवारी वाचनकट्ट्याला पासिर रिसच्या एका कॉन्डोच्या, म्हणजे बड्या सोसायटीच्या, हॉलमध्ये चाळीसेक माणसं जमली. पहिल्या रांगेत अनघाची आई, सुमेधाताई, लेकीचं भाषण म्हणून ठेवणीतली साडी नेसून बसल्या होत्या. कस्तुरी मुद्दामच आली नव्हती. अनघा छान बोलली. मग तिने कविता काढली.

"तू उशिरा आलीस..."

"आलास, आलास!" मागून हेमचंद्र ओरडले. हे मोठ्या बँकेत आयटी मॅनेजर, आणि कट्ट्यावर विनोदाचा मक्ता त्यांच्याकडे. "विनीतावहिनी, तुमच्या राज्यात ही चूक?"

सगळे हसले. अनघाने आईकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि तिचे ओठ 'आलास'साठी उघडलेलेही बाईंना दिसले.

विनीताबाई उभ्या राहिल्या.

"हेमचंद्र, चूक माझी होती. मीच 'आलास' केलं होतं, आणि मीच ते मागे घेतलंय. एका बाईने दुसऱ्या बाईसाठी लिहिलेली कविता आहे ती. 'आलीस'च बरोबर." मग शनिवारच्या वर्गातल्या आवाजात, पण फार मायेने, त्या म्हणाल्या, "अनघा, पुन्हा वाच. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाऊ दे."

कुणी हसलं नाही. अनघाने श्वास घेतला.

"तू उशिरा आलीस, आणि मी रागवायचं विसरले."

तिने उरलेली कविताही वाचली, न अडखळता.

कार्यक्रम संपल्यावर बटाटेवड्यांपाशी गर्दी झाली. सुमेधाताई मात्र खुर्चीतच बसून राहिल्या होत्या. अनघा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. विनीताबाई दोन पावलांवर हातात वडा घेऊन तशाच थांबल्या.

सुमेधाताईंनी मांडीवरचा पदर दोनदा सारखा केला.

"कस्तुरी नाही का गं आली?"

अनघाने नकारार्थी मान हलवली.

"फोन कर तिला," आई म्हणाली. "उशिरा आली तरी चालेल म्हणावं. मी नाही रागवणार."