खेकड्याची निवळ आणि भावकीचं सुतक

माझी नात अंबाजोगाईच्या कॉलेजात खेकड्यांची भावकी शोधते. खेकड्याच्या पायाच्या सांध्यातून रक्त काढायचं. ते निळसर असतं. गोठलं की वर पातळ पाणी राहतं, ती निवळ; ती सशाला टोचायची. काही आठवड्यांनी सशाचं रक्त खेकडा ओळखायला लागतं. मग सशाच्या रक्ताची निवळ दुसऱ्या खेकड्याच्या, नाहीतर झिंग्याच्या निवळीत घालायची. पांढरा गढूळपणा जितका जास्त, तितकं नातं जवळचं.

सशाची निवळ बर्फाच्या डब्यात घेऊन ती उन्हाळ्यात गावी आली. तिला आमच्या नदीचे आणि विहिरीचे ताजे खेकडे हवे होते. मी धरून दिले. उरलेल्यांचं कालवण केलं.

त्याच आठवड्यात गल्लीतला एक म्हातारा वारला. शेजाऱ्याच्या मुलीचं लग्न तोंडावर आलेलं. दोन्ही घरांचं आडनाव एक. म्हाताऱ्याचा थोरला मुलगा म्हणाला, आपण भावकी, सुतक धरा, लग्न पुढं ढकला. शेजारी म्हणाला, कसली भावकी? नवरदेव फौजेत, त्याला पुन्हा सुट्टी मिळणार नव्हती.

दोघंही आमच्या ओट्यावर येऊन बसले.

"पोरी, खेकड्याचं नातं निघतंय, मग माणसाचं कावून न्हाई?" शेजारी म्हणाला.

ससा फक्त खेकड्याला ओळखतो, हे नातीनं नीट समजावलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं आणि बोट पुढं केलं. मी तिला म्हणाले, टोच आणि मोकळी हो, नाहीतर हे जेवायला थांबतील.

तिनं दोघांच्या रक्ताची निवळ काढून वेगवेगळ्या काचेच्या नळ्यांत सशाच्या निवळीत घातली. दोघांच्याही नळ्या स्वच्छ राहिल्या. नात म्हणाली, यावरून एवढंच कळतं की तुम्ही खेकडे नाही. पण शेजारी तोवर मांडववाल्याकडं निघाला होता.

थोरल्याला ते झोंबलं. खरं नातं कसं दिसतं ते दाखवतो, म्हणून त्यानं सख्ख्या धाकट्या भावाला ओढून आणलं. त्याचीही नळी स्वच्छ. धाकट्यानं नळी उजेडात धरून पाहिली.

मग धाकटा म्हणाला, "म्हंजी दादा, आपल्यालाबी सुतक न्हाई."

लग्न ठरल्या वेळी लागलं. दोघं भाऊ पंगतीत बसले, बुंदी मागून घेतली. मी म्हाताऱ्याच्या बायकोला पिठलं-भाकरी घेऊन गेले. सुतक धरायला ती एकटीच उरली होती.

"तुझ्या नातीला इकडं पाठवू नको, न्हाईतर माझंबी सुतक फिटंल," ती म्हणाली. "घर लई दिसांनी रिकामं झालंय. मला सुतकात निवांत बसू दे."