सुरतेहून आणलेली मोहोर

आधीच सांगते, करणी, नजर, भूतखेत... असलं काही मी कधी मानलं नाही. जळगावात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी टेक्निशियन होते. शेजारणी मुलांची दृष्ट काढायला लागल्या की मी त्यांची चेष्टा करायचे.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. आमच्या ह्यांना जुनी नाणी जमवायचा भारी नाद. एकदा सुरतेच्या व्यापाऱ्याकडून सोन्याची मोहोर घेऊन आले – गुजरातच्या किनाऱ्याजवळ बुडालेल्या जहाजातली, पाणबुड्यांनी वर काढलेली. कापसात गुंडाळून डबीत, डबी कपाटात. माझं मंगळसूत्र न्हाणीतल्या खुंटीवर लटकायचं आणि मोहोर कुलपात, असा आमचा संसार!

सासूबाई, म्हणजे आमच्या अक्का, पिंपळनेरहून आल्या होत्या. त्यांना हे काही पटेना. "सोनं आंगवर घालासाठे शे, डबीमा कोंडासाठे नही," म्हणाल्या. हे कामावर गेल्यावर त्यांनी सरळ सोनाराकडून मोहोरेला कडी जोडून आणली आणि काळ्या दोऱ्यात ओवून आमच्या दोन वर्षांच्या चारूच्या गळ्यात घातली. संध्याकाळी ह्यांचा चेहरा बघवेना. कडी जोडली म्हणजे संग्रहातून ते नाणं बादच. पण आईपुढे बोलणार काय? मला तर मेलं हसूच येत होतं.

त्यानंतर चारूची उशी ओली व्हायला लागली. मे महिना, आणि तोही जळगावचा... वाळत घातलेली चादर पाठ फिरवेपर्यंत कडक होते तिथे. घाम असेल म्हणून मी कूलर तिच्याकडे वळवला. तरी केस चिंब. झोपेतून उठली की खोकत राहायची.

मग ती दुपार. चारू आत झोपलेली, मी आणि अक्का पुढच्या खोलीत पापड लाटत होतो. आतून गुळगुळ आवाज आला, कुणी चूळ भरावी तसा. धावले. पोर निळी पडली होती आणि नाकातोंडातून पाणी येत होतं. पालथी धरून पाठ थोपटली, तशीच रिक्षात घातली.

डॉक्टरांनी वाचवलं तिला. मग बाहेर येऊन माझ्यावरच डाफरले, "बाई, टाकी उघडी ठेवता कशी? बुडाली होती मुलगी तुमची."

टाकी? अहो, त्या आठवड्यात नळाला पाणीच नव्हतं. टाकी कोरडी, बादल्या पालथ्या, प्यायचं तेवढं माठात. मी सांगितलं तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं... ती नजर मी अजून विसरले नाही. रिक्षात तिच्या गालावरचं पाणी माझ्या ओठांना लागलं होतं. खारट होतं. माझेच अश्रू असतील... मला नाही सांगता येत.

हे दवाखान्यात आले. मी मोहोरेचं नावही काढलं नव्हतं, ह्यांनीच दोरा तोडला. अक्का म्हणाल्या, विकून टाक. तर म्हणाले, "विकू? आणि दुसऱ्या कोणाच्या लेकराच्या गळ्यात जाऊ दे?" तसेच भर उन्हात स्कूटर काढून तापीवर गेले आणि पुलावरून टाकून आले. तापी पुढे सुरतेलाच समुद्राला मिळते. चारूची उशी पुन्हा कधी ओली झाली नाही. ह्यांनी नाणी जमवणं सोडलं ते सोडलंच.

चारूला यातलं काही आठवत नाही आणि आम्ही कधी बोललो नाही. मागच्या वर्षी ती स्वतःच्या पसंतीचा मुलगा घरी घेऊन आली. लाख गुणी मुलगा, पण अलिबागचा. मागच्या दारातून समुद्र दिसतो आमच्या, असं कौतुकाने सांगत होता. हे उठून बाहेर गेले. मी लग्नाला नाही म्हटलं.

पोरगी रडून रडून विचारते, "आई, काय कारण आहे ते तरी सांग." काय सांगू तिला? इतकी वर्षं मी तरी दुसरं काय शोधतेय... कारण सापडत नाही, आणि हो म्हणायला तोंड उघडत नाही.